खिशातला चाकू आणि त्याचे मोल

१

थोरोच्या 'वॉल्डन'मधले (१८५४) 'इकॉनॉमी' हे पहिले प्रकरण शिकवताना एका परिच्छेदापाशी मी दरवर्षी थोडा अधिक रेंगाळतो. थोरो तिथे दोन मुले कल्पितो. एक मुलगा लोखंडाचे खनिज स्वतः खणून काढतो, वितळवतो, त्यासाठी लागेल तेवढेच वाचन करतो आणि आपला घडीचा चाकू आपणच बनवतो. दुसरा संस्थेत जाऊन धातुशास्त्रावरची व्याख्याने ऐकतो, आणि त्याला वडिलांकडून रॉजर्सचा चाकू भेट मिळतो. महिनाभरानंतर यांतला कोण अधिक पुढे गेलेला असेल, आणि चाकूने बोट कापून घेण्याची शक्यता कोणाची अधिक, असा प्रश्न थोरो विचारतो. उत्तर तो देत नाही. ते उघड आहे असे त्याला वाटते.

शिक्षणाविषयीचा दृष्टांत म्हणून हा परिच्छेद शिकवला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु दृष्टांतातल्या वस्तूंकडे केवळ दृष्टांत म्हणून पाहण्याची जी सवय आपल्याला साहित्याच्या अभ्यासाने लागते, तिच्यामुळे एक साधा प्रश्न निसटून जातो. दुसऱ्या मुलाला मिळालेला तो चाकू कसा होता? रॉजर्स हे काही थोरोने रचलेले नाव नव्हे. शेफील्डची 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स' ही त्या काळातली खिशातल्या चाकूंसाठी नावाजलेली पेढी. म्हणजे वडिलांनी मुलाला दिला तो बाजारातला उत्तम चाकू होता. थोरोच्या हिशेबात हा चाकू वजाबाकीच्या बाजूला पडतो, कारण तो आयता मिळाला. पण आयती मिळालेली वस्तूही चांगली असू शकते, आणि चांगल्या वस्तूची किंमत कशाबद्दल द्यायची असते हा प्रश्न मग उरतोच.

घडी करून खिशात ठेवायचा उंची चाकू त्याच्या किमतीच्या लायकीचा असतो का? साहित्यविषयक लेखनात हा प्रश्न कोणाला अस्थानी वाटेल. मला तो तसा वाटत नाही. आणि तो मला पडण्याचे कारण घरगुती आहे. ते पुढे येईलच.

२

इंग्रजी साहित्यात शेफील्डचा चाकू थोरोच्या साडेचारशे वर्षे आधीच येऊन गेला आहे. चॉसरच्या 'रीव्हज टेल'मधला ट्रम्पिंग्टनचा पिठाच्या गिरणीचा मालक अंगावर हत्यारे बाळगून मिरवतो. त्यांत पायमोज्यात खोचलेला शेफील्डचा एक लहान चाकूही आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस केवळ गावाचे नाव उच्चारले की श्रोत्यांना वस्तूची जात कळावी, एवढी त्या गावाची ख्याती झालेली होती. मेल्व्हिल 'मोबी डिक'मध्ये (१८५१) जहाजावरच्या सुताराचे वर्णन करताना शेफील्डच्याच बहुगुणी चाकूची उपमा देतो. त्या चाकूच्या पोटात पात्यांबरोबर पेचकस, बूच काढायचा स्क्रू, चिमटा, आरी, मोजपट्टी असे बरेच काही घडी होऊन बसलेले असते. उपमा वरकरणी कौतुकाची आहे. परंतु हा सुतार इतका उपयोगी आहे की त्याच्यात उपयोगापलीकडे माणूस म्हणून काही उरले आहे की नाही, अशी शंका वाचकाला यावी, हा तिचा खरा रोख.

ज्या वर्षी 'मोबी डिक' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १८५१ मध्ये, लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनात रॉजर्स पेढीने 'नॉरफोक नाइफ' या नावाने ओळखला जाणारा एक चाकू मांडला. त्याला ७५ पाती आणि अवजारे होती, मुठीला शिंपला मढवलेला होता आणि पात्यांवर चित्रे कोरलेली होती. तो आजही शेफील्डमध्ये जतन केलेला आहे. घडीचा असूनही तो कोणाच्या खिशात मावणारा नव्हता. त्याने कधी काही कापावे अशी त्याच्या कर्त्यांचीही अपेक्षा नसणार. चाकू बनवण्याची कला टोकाला गेली म्हणजे न कापणारा चाकू जन्माला येतो, हे त्याच्याकडे पाहून पटते.

येथे थॉर्स्टिन व्हेब्लेनची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' (१८९९) या ग्रंथात त्याने दोन चमच्यांची तुलना केली आहे. हाताने घडवलेला चांदीचा चमचा यंत्रावर काढलेल्या साध्या धातूच्या चमच्यापेक्षा कितीतरी पटींनी महाग असतो. तोंडात घास घालण्याचे काम मात्र दोन्ही सारखेच करतात. मग चांदीच्या चमच्यात आपल्याला जे सौंदर्य दिसते, त्याचा मोठा भाग त्याच्या महागपणाचाच असतो, असे व्हेब्लेन सुचवतो. चमच्याच्या जागी चाकू घातला की आपल्या प्रश्नाचा निकाल लागला असे वाटू लागते.

तो तसा लागत नाही, याचे कारण खिसा. व्हेब्लेनच्या उपपत्तीला प्रेक्षक लागतो. चांदीचा चमचा पाहुण्यांपुढे येतो, गाडी रस्त्यावरून जाते, शाल खांद्यावर दिसते. घडीचा चाकू मिटलेला असतो आणि खिशात असतो. तो ज्याच्याजवळ आहे त्याच्याखेरीज कोणाला त्याचा पत्ताही नसतो. आणि आजच्या शहरात तो चारचौघांत बाहेर काढला तर कौतुकाऐवजी संशयच वाट्याला येण्याचा संभव अधिक.

आपल्याकडच्या अडकित्त्याशी ताडून पाहिले तर हा फरक स्पष्ट होतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो संग्रह आहे तो अनेकांनी पाहिला असेल. ('अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या गृहस्थांनी हा संसार जमवला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.) सुपारी कातरणे एवढेच ज्याचे काम, त्या वस्तूला कारागिरांनी किती रूपे दिली! पण अडकित्ता हा पानाच्या तबकातला, म्हणजे बैठकीतला. तो आल्यागेल्यासमोर ठेवला जायचा. त्याचे नक्षीकाम हा आतिथ्याचा भाग होता. खिशातल्या चाकूला असे समाजजीवन नाही. त्याच्यावर केलेला खर्च एकांतातला आहे. म्हणून 'दिखाऊपणा' हा शब्द वापरून तो निकालात काढता येत नाही.

३

मग पहिला प्रश्न सरळच विचारू. महागडा चाकू अधिक चांगला कापतो का?

कापणे हे मुख्यतः पाते किती पातळ आहे आणि धारेचा कोन किती लहान आहे यावर ठरते. या दोन्ही गोष्टी स्वस्तात साधतात. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातल्या जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास लाकडी मुठीचा एक साधा घडीचा चाकू काढला. १९५५ मध्ये त्याला पाते अडकवून ठेवणारे फिरते कडे जोडले गेले. एरवी तो फारसा बदललेला नाही. आजही तो दहा-पंधरा युरोंना मिळतो आणि सफरचंद, पाव, दोरी, पेन्सिल यांपैकी काहीही उत्तम कापतो. उलट अनेक उंची चाकूंची पाती मजबुतीसाठी जाड ठेवलेली असतात. त्यांनी सफरचंद कापायला घेतले तर ते कापले जाण्याऐवजी मध्येच फाकते.

तेव्हा जास्तीचा पैसा कापण्यासाठी लागत नाही. तो प्रामुख्याने दोन गोष्टींसाठी लागतो. पहिली गोष्ट पोलादाची. धार लवकर जाऊ नये म्हणून पोलादात कठीण कार्बाइडचे कण हवेत. पण नेहमीच्या पद्धतीने ओतलेल्या पोलादात हे कण मोठे आणि विस्कळित होतात व पाते ठिसूळ बनते. यावरचा उपाय म्हणजे वितळलेल्या पोलादावर वायूचा झोत मारून त्याची भुकटी करायची आणि ती प्रचंड उष्णता व दाब देऊन पुन्हा एकसंध करायची. कण बारीक राहतात, सारखे पसरतात. अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीने २००१ मध्ये चाकूंसाठी म्हणूनच असे एक पोलाद काढले. ते घडवताना ज्यांचा सल्ला घेतला गेला त्या चाकूकारांत ख्रिस रीव्ह हे एक होते.

दुसरी गोष्ट सांध्याची. घडीच्या चाकूचा सगळा जीव त्याच्या खिळीत आणि खटक्यात असतो. पाते उघडताना अडखळू नये, उघडल्यावर तसूभरही हलू नये, मिटताना दोन बाजूंच्या नेमके मधोमध बसावे, आणि हे वर्षानुवर्षे तसेच राहावे, हे साधणे फार कठीण. दक्षिण आफ्रिकेतून येऊन अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात स्थिरावलेल्या रीव्ह यांचा 'सेबेंझा' हा चाकू या कसोटीवर नावाजला गेला. मुठीच्या टायटॅनियमच्या पट्टीचाच एक भाग कापून त्यांनी त्याचा खटका केला. त्याची किंमत आज चारशे डॉलरांच्या वर आहे. 'सेबेंझा' हा झुलू भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ काम असा होतो. हे नाव धारण करणारे कितीतरी चाकू संग्राहकांच्या कपाटांत एकही दोरी न कापता पडून असतात. नाव ठेवणाऱ्याला हे अभिप्रेत नसावे.

थोडक्यात, पैसा जातो तो कापण्याच्या क्षणासाठी नाही. दोन वेळा धार लावण्यातल्या अंतरासाठी आणि उघडण्या-मिटण्याच्या नेमकेपणासाठी तो जातो. ज्याला रोज शेकडो वेळा कापायचे आहे त्याला तरी याचा उपयोग असला पाहिजे, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटत होते.

४

माझे मामा राजापूर तालुक्यात आंब्याची कलमे बांधत. घरची लहानशी रोपवाटिका होती. जुलै-ऑगस्टच्या पावसात कोय कलमांचा हंगाम सुरू झाला की ते आणि त्यांच्या हाताखालचे दोघे मांडवात बसून दिवसाला दोन-अडीचशे कलमे बांधीत. कोयीतून उगवलेले दहा-पंधरा दिवसांचे कोवळे रोप घ्यायचे, त्याचा शेंडा छाटून दांड्याला उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीला खाली दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधायचे. सालीखालचा जिवंत थर दोन्हीकडचा एकमेकाला चिकटला तर कलम धरते. काप एका ओढीत, सपाट आणि स्वच्छ पडला पाहिजे. पाते अडखळले, पेशी चेचल्या, की ते कलम गेले. चाकूच्या धारेवर एका झाडाचे जगणे अवलंबून असते असे म्हणणे या धंद्यात अतिशयोक्तीचे नाही.

मामांचा चाकू गावच्या लोहाराने जुन्या कानशीपासून घडवलेला होता. मूठ शिसवीची, पाते मुठीत मिटणारे. किंमत त्यांना आठवत नसे. पायलीभर तांदूळ आणि वर काही रोख, असे ते म्हणत. शेजारी कुरुंदाचा दगड आणि पाण्याचा टमरेल. पंधरा-वीस कलमे झाली की पाते दगडावर चार वेळा फिरवायचे आणि पुढचे रोप उचलायचे. हे ते बोलता बोलता करीत. धार लावणे हे त्यांच्या लेखी वेगळे काम नव्हते. ओवी म्हणताना मध्ये श्वास घ्यावा तसे ते होते.

२००६ मध्ये त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ, अमेरिकेहून आला. त्याने वडिलांसाठी तिकडच्या एका नामांकित कारखान्यातला, भुकटीच्या पोलादाचा, टायटॅनियमच्या मुठीचा चाकू आणला होता. किंमत तीनशे डॉलरांच्या वर. तेव्हाच्या हिशेबाने चौदा-पंधरा हजार रुपये, म्हणजे मामांच्या चार-पाचशे कलमांची विक्री. चाकू भेट दिला तर संबंध कापले जातात, म्हणून घेणाऱ्याने देणाऱ्याला एक नाणे द्यावे, असा पाश्चात्त्यांत संकेत आहे. मामेभावाने तो सांगितला. मामांनी हसत कमरेच्या पिशवीतून एक रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "घे. आता हा माझा, रोखीने घेतलेला."

त्या पावसाळ्यात मी काही दिवस तिथे होतो. मामांनी नव्या चाकूने कलमे बांधून पाहिली. धार खरोखरच टिकली. सकाळभर दगडाला हात लावावा लागला नाही. अडचण नंतर आली. त्या पोलादात व्हॅनेडियमचे कार्बाइड असते आणि ते कुरुंदापेक्षाही कठीण. मामांचा दगड त्या पात्यावरून नुसता घसरायला लागला. दुसरी अडचण घडणीची. कलमाच्या चाकूचे पाते एकाच बाजूने तासलेले असते, दुसरी बाजू सपाट. म्हणून काप सपाट पडतो. खिशातल्या चाकूचे पाते दोन्ही बाजूंनी तासलेले असते. त्याने काडी तासताना काप किंचित खोलगट होतो. मामांनी पाते उजेडात धरून दोन्ही बाजू न्याहाळल्या आणि म्हणाले, "चाकू वाईट नाही रे. फार चांगला आहे. आपल्या कामाचा नाही, एवढंच."

हे ते मुलाला कधीही बोलले नाहीत. चाकू डब्यात गेला, डबा कपाटात. फोनवर मुलगा विचारी, "बाबा, वापरता ना?" आणि मामा म्हणत, "हो, तर." ते अगदीच खोटे नव्हते. दर दोन वर्षांनी मुलगा आला की तो चाकू बाहेर निघे, आणि मामा ओटीवर बसून सगळ्यांना त्याने आंबे कापून देत.

मामेभाऊ एकदा मला म्हणाला होता, "बाबांनी जन्मभर लोहाराच्या चाकूवर काढली. एक तरी उत्तम वस्तू त्यांच्या हातात असावी असं मला वाटलं." त्याच्या या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तम वस्तू आधीच वडिलांच्या हातात होती, असे त्याला सांगणे सोपे होते. परंतु ते पूर्ण खरे झाले नसते. लोहाराचा चाकू उत्तम होता तो मामांच्या हातामुळे आणि शेजारच्या दगडामुळे. ते दोन्ही बाजूला केले तर ती कानशीची एक पट्टी होती. मुलाने आणलेला चाकू कोणाच्याही हातात, कोणत्याही दगडाशिवाय, बराच काळ उत्तम राहणारा होता. ज्याला हस्तगत विद्या नाही त्याच्यासाठी विद्येचा काही भाग वस्तूतच भरून ठेवण्याची ही रीत आहे, आणि किंमत बहुधा त्याचीच असते. मामांना त्याची गरज नव्हती, इतकेच.

५

एवढ्यावर थांबलो तर लेखाचे तात्पर्य 'साधी वस्तू आणि कसबी हात' असे सुबक निघेल. ते मला पुरेसे वाटत नाही. कारण स्वस्त चाकूचाही एक इतिहास आहे आणि तो सुबक नाही.

एंगेल्सने 'इंग्लंडमधील कामगारवर्गाची स्थिती' या १८४५ च्या पुस्तकात शेफील्डच्या धार लावणाऱ्या कामगारांविषयी लिहिले आहे. तिथल्या एका डॉक्टरच्या आधारे तो सांगतो, की कोरड्या दगडावर काम करणारे कामगार सरासरीने जेमतेम पस्तीस वर्षे जगत. ओल्या दगडावर काम करणारे पंचेचाळिशी क्वचितच ओलांडत. दगडाची आणि पोलादाची धूळ फुप्फुसांत जाऊन बसे. त्याहून विदारक तपशील पुढचा आहे. धूळ ओढून घेणारे साधन उपलब्ध झाले, तेव्हा कामगारांनीच त्याला विरोध केला. काही ठिकाणी ते मोडूनही टाकले. काम सुरक्षित झाले तर अधिक माणसे या धंद्यात येतील आणि मजुरी उतरेल, अशी त्यांना भीती होती. थोडे आयुष्य ही त्यांच्या मजुरीची हमी होती.

थोरोच्या दुसऱ्या मुलाला मिळालेला रॉजर्सचा चाकू याच शहरातून, याच काळात आलेला आहे. हे ध्यानात घेतले की थोरोच्या परिच्छेदात एक तिसरा मुलगा दिसू लागतो. त्याने खनिज खणले नाही, व्याख्याने ऐकली नाहीत. तो चौदाव्या वर्षी दगडाच्या चाकापाशी बसला. थोरोने त्याचा विचार केलेला नाही. त्याचा हिशेब विकत घेणाऱ्यापाशी संपतो.

म्हणून 'एवढे पैसे कशाला?' या प्रश्नाला जोडून 'एवढे स्वस्त कसे?' हाही प्रश्न विचारला पाहिजे. वस्तूची किंमत कमी असते तेव्हा उरलेला भाग बहुतेक वेळा कोणीतरी दुसऱ्याने भरलेला असतो. मामांच्या लोहारालाही पायलीभर तांदळात त्याच्या भात्याची पुरती किंमत मिळाली असेल, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

शेफील्डमध्येच याची दुसरी बाजूही पाहायला मिळते. स्टॅन शॉ हे तिथले खिशातल्या चाकूंचे कारागीर. १९२६ चा जन्म. चौदाव्या वर्षी धंद्यात आले आणि नव्वदी ओलांडल्यावरही काम करीत राहिले. २०२१ मध्ये वारले. शेफील्डमध्ये घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा आणि जुळणी करणारा वेगळा, अशी श्रमविभागणी रूढ होती. शॉ मात्र एकट्याने सगळा चाकू करीत, आणि त्यांच्या चाकूसाठी गिऱ्हाइके वर्षानुवर्षे थांबत. अशा चाकूची किंमत म्हणजे एका माणसाचे मोजलेले दिवस. ते दिवस त्याने आपल्या मर्जीने, आपल्या गतीने आणि शाबूत फुप्फुसांनी खर्च केलेले असतात. ही किंमत अवाजवी आहे असे म्हणायला मी धजणार नाही.

अर्थात महाग वस्तू म्हणजे न्यायाने बनलेली वस्तू असे समीकरण नाही. १८५१ च्या त्या शिंपल्याच्या मुठीच्या पंच्याहत्तर पात्यांनाही कोणीतरी दगडावर धार लावलीच असेल. किंमत जास्त असणे ही कारागिराला पुरते मिळण्याची शक्यता असते, हमी नसते.

६

च्वांग त्झूच्या ग्रंथातल्या खाटिकाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. सामान्य खाटीक दर महिन्याला सुरी बदलतो, कारण तो तोडतो. चांगला खाटीक वर्षाला बदलतो, कारण तो कापतो. आणि गोष्टीतल्या त्या कसब्याची सुरी एकोणीस वर्षांनीही नवी आहे, कारण ती सांध्यांमधल्या रिकाम्या जागेतून फिरते. गोष्ट सुंदर आहे. तरीपण मामांचा चाकू पाहिल्यापासून मला ती अपुरी वाटू लागली. कौशल्याची खूण म्हणून न झिजलेले पाते दाखवणे हे तत्त्वज्ञाला शोभते. कलमे बांधणाऱ्याचे कौशल्य झिजलेल्या पात्यात दिसते. चाळीस पावसाळ्यांत ते बोटभर रुंद पाते दगडावर जाऊन जाऊन काडीएवढे उरले होते. धार लावणे म्हणजे वस्तूचा एक थर देऊन पुढचा थर उघडा करणे. चाकू वापरणे आणि चाकू संपवणे या दोन क्रिया नाहीत.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. उंची चाकूची किंमत दोन टोकांना तपासावी लागते. करणाऱ्याच्या टोकाला ती त्याच्या श्रमाची आणि आयुष्याची पुरती भरपाई करते का, हे पाहायचे. वापरणाऱ्याच्या टोकाला ती वस्तू तो झिजवणार आहे का, हे पाहायचे. दोन्हीकडे होकार असेल तर चारशे डॉलर जास्त नाहीत. दुसऱ्या टोकाला नकार असेल तर तो चाकू नॉरफोक नाइफचाच वंशज. त्याला दागिना म्हणावे आणि दागिन्याच्या भावाने घ्यावे. त्यातही कमीपणा नाही. फक्त त्याला अवजार म्हणू नये.

२०१९ मध्ये मामा गेले. दिवस झाल्यावर मामेभावाने दोन्ही चाकू ओटीवर मांडले. त्याने काडीएवढ्या पात्याचा जुना चाकू स्वतःसाठी उचलला, आणि आपण आणलेला मला दिला. "तू लिहितोस-वाचतोस, पार्सलं फोडतोस, तुला उपयोगी पडेल," म्हणाला. मी त्याला एक रुपया दिला. हिऱ्याची भुकटी बसवलेली पट्टी मागवून मी त्याला धार लावायलाही शिकलो. परंतु पुस्तकांची पार्सले आणि उत्तरपत्रिका तपासायची लाल पेन्सिल एवढ्यावर ते पोलाद झिजवायचे तर मला आणखी दोन-तीन जन्म घ्यावे लागले असते. वर सांगितलेल्या कसोटीवर, माझ्या हातात, तो चाकू त्याच्या किमतीचा नव्हता.

रोपवाटिका आता मामांच्या हाताखाली वीस वर्षे काम केलेले गृहस्थ चालवतात. कलमांसाठी ते दाढीचे पाते वापरतात; बोथट झाले की टाकून दुसरे घेतात. पण रोपवाटिकेत कापण्याची इतर कामे पुष्कळ असतात: खताची पोती, सुतळ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, बांबूच्या काठ्या. गेल्या वर्षी मामेभावाला विचारून मी तो चाकू, पट्टीसह, त्यांना दिला. नाण्याचा संकेत सांगितला तेव्हा त्यांनी खिसा चाचपला, सुटे नव्हते. "पुढल्या खेपेला घ्या, दादा," म्हणाले.

या पावसाळ्यात गेलो तेव्हा चाकू त्यांच्या कमरेला सुतळीने बांधलेला होता. टायटॅनियमवर चरे पडले होते, सांध्यात माती होती, पात्यावर आंब्याच्या चिकाचे काळे डाग होते आणि टोकापासून थोडी खाली एक बारीक खाच. पाहून क्षणभर पोटात कालवले, हे नाकारत नाही. त्यांनी बोलता बोलता पट्टी काढली, खाचेच्या बाजूने पाते सात-आठ वेळा ओढले, अंगठ्यावर आडवे धरून पाहिले आणि शेजारचे पोते कापले. रुपयाची आठवण मी काढली नाही.